वर ठेवलेली वाळू

परवाच्या शुक्रवारी माझ्या मुलीनं एका गंजलेल्या लोखंडाकडे बोट केलं आणि विचारलं, "बाबा, इज दॅट अ स्नो प्लाऊ?" माझं डोकंच सणकलं. तिचा दोष नाही. ती इथल्या सालमियात, शहरी वस्तीत वाढली, मी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देते, आणि ट्रॅक्टरच्या मागे बांधायची असली आडवी पोलादी फळी तिनं पाहिली ती फक्त व्हिडिओत, बर्फ ओढताना. पण कुवेतच्या भर उन्हात उभं राहून कुणी त्या फळीचं नाव बर्फाशी जोडलं की मला राग येतो. तो राग बारा-तेरा वर्षं जुना आहे, त्यामुळे समोर असेल त्याच्यावर निघतो. मी तिच्यावर ओरडलो. ती हेडफोन लावून गाडीत जाऊन बसली.

आम्ही गेलो होतो गाडीचा फुटलेला आरसा शोधायला. इथल्या भंगारबाजाराला सगळे सकराब म्हणतात. पत्र्याच्या कुंपणामागे मेलेल्या गाड्यांचे ढीग, कुणाचं बॉनेट कुणाच्या अंगावर, आणि सगळ्याला जुन्या ऑइलचा आणि तापल्या रबराचा वास. आरसा मिळाला नाही. मिळाली ती फळी. भिंतीला टेकवून ठेवलेली, सात-साडेसात फूट लांब, पुढून किंचित वाकलेली.

तशा फळ्या या देशात पुष्कळ असतील. पण हिच्या खालच्या कडेला कन्व्हेयर बेल्टच्या जाड रबराची पट्टी बोल्टनं जोडलेली होती, आणि उजव्या टोकाला दोन बोल्ट अगदी शेजारी-शेजारी होते, कारण तिथं रबर एकदा फाटलं होतं. ते दुसरं भोक पाडताना मी टॉर्च धरली होती. डांबर खरवडू नये म्हणून रबर लावायची ही अक्कल कुठल्या मॅन्युअलमधली नाही. ती विश्रामदादाची.

मी तेव्हा पंचविशीत होतो. वाईचा बी. कॉम., कुवेतमध्ये येऊन थेट वाळवंटात पडलेला. सौदीच्या सरहद्दीकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यापासून सात किलोमीटर आत आमच्या कंपनीचा कॅम्प होता: पोर्टा केबिनच्या चार रांगा, एक मेस, एक पाण्याची टाकी आणि वीज देणारा जनरेटर, जो बंद पडला की शांततेनंच जाग यायची. मी हजेरी लिहायचो, पत्रं टाइप करायचो, आणि ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांचं म्हणणं इंग्रजीत मांडायचो. हे शेवटचं काम मला फार चांगलं जमतं असा माझा समज होता.

त्या सात किलोमीटरच्या डांबरी पट्ट्यावर रोज वाळू यायची. येणं तिचा हक्कच होता, रस्ता तिच्या घरातून काढलेला. उन्हाळ्यात वायव्येकडून शमाल सुटला की ती जमिनीलगत वाहत यायची, घोट्याएवढ्या उंचीवर, पिवळट धुरासारखी, आणि डांबरावर जिभा टाकून बसायची. त्या जिभा काढायचं काम विश्रामदादाचं. तो देवगडच्या बाजूचा, चाळिशी ओलांडलेला, काटक. त्याच्याकडे निळा ट्रॅक्टर आणि मागे ती फळी. पहाटेचा चहा झाला की तो निघायचा, आणि कामावर जाणाऱ्या बसेस सुटेपर्यंत रस्ता काळा करून ठेवायचा.

ती फळी मागे असते, आणि हीच त्या कामाची मेख आहे. पुढे चालवायचं आणि मागे बघायचं. विश्रामदादाची मान वर्षानुवर्षं उजवीकडून मागे वळून वळून कायमची थोडी तिरकी झाली होती. जेवतानाही तो ताटाकडे कोपऱ्यातून बघतोय असं वाटायचं. पिन काढून तो फळी तिरकी बसवायचा, म्हणजे पुढून आलेली वाळू घसरत घसरत एका बाजूला पडे. डावा हात स्टिअरिंगवर, उजवा हायड्रॉलिकच्या दांड्यावर. फळी फार खाली गेली तर मागची चाकं भोकं पाडून बसणार, वर राहिली तर वाळू मागे सुटणार. त्यानं ते कानावर सोडलं होतं. वाळूवर फळी सुर्र करून जाते, डांबराला रबर लागलं की आवाज जाड होतो. त्या जाड आवाजावर त्याचा दांडा चालायचा.

सुट्टीच्या दिवशी कधीकधी तो मला चाकावरच्या पत्र्यावर बसवून न्यायचा. "घाट्या, हयसर बस नि बघ. बोलू नको." घाटावरचा म्हणून मी घाट्या. नावानं त्यानं मला एकदाही हाक मारली नाही. मी बसायचो, डिझेलचा धूर खायचो आणि बघायचो. हिवाळ्यात धुकं असे, इतकं की फळीसुद्धा दिसत नसे आणि तो निव्वळ आवाजावर चाले. फेब्रुवारीत पाऊस झालेला असला तर दोन्ही बाजूंना अरफजची झुडपं पिवळी फुलायची, आणि तो फळी उचलून त्यांना वळसा घालायचा. मी एकदा विचारलं, झुडपांचं एवढं काय? तर म्हणाला, "तेंनी वाळू धरून ठेवलेली आसा. माझा काम ती करतत."

त्याच्या तोंडात दोन शब्द सारखे असायचे: वर आणि खाल. "आता वर जातंय." "ह्या खाल टाकूक व्हया." मी शंभरदा ऐकले असतील. जमीन तर ताटासारखी सपाट. कसलं वर आणि कसलं खाली, बोलायची लकब असेल असं समजून मी सोडून दिलं. त्या शब्दांत लक्ष घालण्याजोगं काही असेल असं मला, शिकलेल्या माणसाला, वाटलंच नाही. त्यांचा अर्थ मला फार उशिरा कळला. तो इथंच सांगून टाकतो, कारण मी जो गाढवपणा केला तो तुमच्याकडून वाचतानाही होऊ नये.

विश्रामदादा भातशेतीतला माणूस. त्याच्या गावात शेतं उतरणीवर, एकाखाली एक. पाणी वरच्या कुणग्यातून येतं आणि खालच्यात जातं. त्याच्या लेखी वाराही तसाच वाहतो. वारा जिकडून येतो ते वर. जिकडे जातो ते खाल. जमिनीच्या उंचीशी याचा काडीचाही संबंध नाही. आमच्या रस्त्याला वारा आडवा यायचा, म्हणून त्याच्या रस्त्याला एक वरचं अंग होतं आणि एक खालचं. आणि त्याच्या धंद्याचा सगळा कायदा एका ओळीचा होता: वाळू उचलायची आणि खालच्या अंगाला टाकायची, तीही पसरून, उंचवटा न ठेवता. वर कधीही ठेवायची नाही.

हे त्यालाही ठेच खाऊन कळलेलं. तो स्वतःच हसत सांगायचा, मेसमध्ये, कुळथाची पिठी ओरपत. "पयल्या वर्सा मी वरच्या अंगाक बांध घातलंय. शेतात घालतत तसो. म्हटलंय, वाळू अडतली. दुसऱ्या दिवशी बघतंय तर रस्तोच गावलो नाय." मग चमचा हवेत धरून समजावायचा. "वारो बांधार चढता, दमता, नि पलीकडे वझा टाकता. पलीकडे कोण? रस्तो."

ती पिठी भिवाकाकांची. भिवाकाका आमचे आचारी, विश्रामदादाच्या शेजारच्या गावचे, मध्ये फक्त एक खाडी. त्यांना कुवेतला आणलं विश्रामदादानं. घरून निघताना भिवाकाकांच्या बायकोला, म्हणजे त्याच्या वहिनीला, तो म्हणाला होता, "मी तेका व्हरतंय, मीच परत हाडतलंय." नेतो मी, परत आणीन मीच. भिवाकाका हे वाक्य रोज त्याच्यावर वापरायचे. भात करपला तरी म्हणायचे, मी कुठं यायचं म्हटलेलं, ह्यानंच आणलाय. मेसच्या खिडकीतून पहाटे कांदा-खोबरं भाजल्याचा वास यायचा, आणि त्या वासाच्या मागोमाग ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज. त्या वर्षातली माझी सकाळ या दोन गोष्टींची बनलेली होती. आज सालमियाच्या बाराव्या मजल्यावर मला दोन्हींतलं काहीच मिळत नाही.

मग उन्हाळ्याच्या तोंडाला नवे प्रोजेक्ट मॅनेजर आले. त्यांना मी साहेबच म्हणणार, नाव घेण्याची इच्छा नाही. आपलेच, पुण्याचे. कॅनडात दोन हिवाळे काढून आलेले, आणि ते दोन हिवाळे दर तिसऱ्या वाक्यात हजर. विश्रामदादाची मालवणी त्यांना 'क्यूट' वाटायची. म्हणजे ऐकायला गोड, ऐकून घ्यायची गरज नाही.

एके दिवशी क्लायंटची माणसं बघायला येणार म्हणून साहेबांनी विश्रामदादाला केबिनमध्ये बोलावलं आणि फोनवर व्हिडिओ दाखवला. असाच ट्रॅक्टर, अशीच मागे फळी, आणि बर्फाचा रस्ता. दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या पांढऱ्या भिंती, सुतात धरल्यासारख्या सरळ. मध्ये काळाभोर रस्ता. विश्रामदादानं व्हिडिओ दोनदा बघितला, अगदी मन लावून. तो चालवणारा माणूस मागे कसा बघतो ते त्याला बघायचं होतं.

"असं पाहिजे," साहेब म्हणाले. "तुम्ही वाळू एका बाजूला नुसती उधळून देता, ते किती अनप्रोफेशनल दिसतं. दोन्हीकडे नीट बँक करा. स्ट्रेट."

"साहेब," विश्रामदादा म्हणाला, "बरफ वितळता. वाळू खंय वितळता?"

साहेब हसले. मीही हसलो. ते हसणं मला आजही टोचतं.

"आणि वरच्या अंगाक ठेवली तर वारो ती रस्त्यार हाडून टाकतलो," तो पुढे म्हणाला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले. "विश्राम," साहेब म्हणाले, "तुम्ही फक्त करा. थिंकिंग आमच्यावर सोडा."

त्यानं केलं. दोन दिवस लागले. रबर फाटलं, ते दुसऱ्या भोकाचं काम तेव्हाचं. सात किलोमीटर दोन्ही बाजूंना गुडघ्याच्या वर वाळूच्या भिंती, आणि खरं सांगतो, दिसायला सुंदर दिसत होतं. त्याचा हात तसा होता. साहेबांनी ड्रोन उडवून फोटो काढले. क्लायंटची माणसं आली, बिर्याणी खाऊन गेली. चार दिवस वारा पडलेला होता, आणि विश्रामदादा ते चारही दिवस जेवण अर्धं टाकून उठत होता. तिसऱ्या दिवशी तो भिंत मोडायला निघाला, तर साहेबांनी गेटवरूनच परत पाठवला. फोटोग्राफर अजून एकदा येणार होता.

पाचव्या दिवशी शमाल सुटला. सकाळी आठला आकाश विटेच्या रंगाचं झालं, केबिनच्या दारांच्या फटींतून तोझ आत यायला लागली, ती इथली बारीक धूळ जी चहावर सायीसारखी धरते. नऊच्या सुमारास न्याहारीची भांडी घासून झाली आणि भिवाकाका मेसच्या फरशीवर बसले. नुसते बसले. घाम, आणि डावा हात उचलता येईना. मी अँब्युलन्सला फोन केला. ती मोठ्या रस्त्यावरून आमच्या फाट्याला वळली आणि तिथून जेमतेम दोन किलोमीटरवर रुतली. वरच्या अंगाच्या भिंतीवर चढून दमलेल्या वाऱ्यानं आपलं ओझं रस्त्यावर टाकलं होतं, आणि पलीकडची भिंत त्याला जाऊ देत नव्हती. दोन भिंतींमधला आमचा मॉडेल रस्ता पाट भरावा तसा भरला होता.

विश्रामदादानं ट्रॅक्टर काढला. मागे आम्ही पिकअपमध्ये, ड्रायव्हर पुढे, मी मागच्या सीटवर भिवाकाकांचं डोकं मांडीवर घेऊन. आधी ट्रॅक्टर वाळूवर चढायचा, मग मागची फळी ती कापायची, मग आम्ही हातभर पुढे सरकायचो. कुठं एका फेरीत भागत नव्हतं, तो उलटा येऊन पुन्हा कापायचा. आणि फळी मागे असल्यामुळे तो सगळा वेळ आमच्याकडेच बघत होता. तोंडाला गमछा, डोळे उघडे. काचेपलीकडून तो बघत होता आणि काचेअलीकडून मी त्याला हातानं खुणावत होतो की चालू आहे, श्वास चालू आहे. पाच किलोमीटर जायचं होतं. चौथ्याला मी हात हलवायचा थांबलो. त्यानं ते पाहिलं. तरी त्यानं दांडा सोडला नाही, पार अँब्युलन्सच्या बोनेटपर्यंत रस्ता काढून दिला, आणि मग उतरून वाळूत उभा राहिला.

लवकर पोचलो असतो तर वाचले असते का, याचं उत्तर कुणीही देणार नाही आणि मला ते विचारायचंही नाही. मला राग त्याच्या पुढच्या गोष्टीचा आहे.

दोन दिवसांनी साहेबांच्या केबिनमध्ये, अँब्युलन्स का अडली याचा, जबाब झाला. एसी इतका की खिडकीची काच आतून थंड. विश्रामदादा बोलणार, मी इंग्रजीत लिहिणार. तो शब्द मोजून बोलला: "वाळू वर ठेवलंय. साहेबान सांगल्यान म्हणान वर ठेवलंय. नायतर मी खालच टाकतंय."

मी त्याच्या नावानं इंग्रजीत लिहिलं: "मी वाळू रस्त्याच्या वर तशीच राहू दिली."

पुढच्या वाक्यापाशी माझी लेखणी अडली. रस्त्यावर वाळू राहू द्या, असं कोणता साहेब सांगेल? तरी मी ते लिहिलं. साहेबांनी कागद ओढून वाचला आणि शांतपणे म्हणाले, "हे सेन्स मेक करत नाही. मी रस्त्यावर वाळू ठेवायला सांगितली? काढा ते. माझं स्टेटमेंट वेगळं होईल, त्यात सूचनांचं येईल." मला ते पटलं. माझ्याच चुकीच्या वाक्यानं त्याचं खरं वाक्य वेड्यासारखं दिसत होतं, आणि वेड्यासारखं दिसतं म्हणून मी ते खोडलं. तिसरं, खाल टाकण्याचं, तर मला कळलंच नव्हतं, ते मी लिहिलंही नव्हतं.

"दादा," मी म्हणालो, "साहेबांचं ते वेगळ्या कागदात येणार आहे. तुमचं वाचून दाखवतो." आणि इंग्रजी वाक्याचं पुन्हा मराठी करून वाचलं: "वाळू वर ठेवली."

"होय," तो म्हणाला, "वर ठेवलंय." आणि सही केली. शब्द तोच होता. त्याला त्याचा ऐकू आला, मला माझा. कागदावर राहिला तो माझा.

तो वेगळा कागद कधीच निघाला नाही. विश्रामदादाचा इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, रद्द झाला, आठवड्याच्या आत त्याला विमानात बसवलं. भिवाकाकांच्या पेटीबरोबर जी कागदपत्रं त्यांच्या घरी गेली त्यात त्या जबाबाची प्रत होती. ती तिथं का घातली, कुणी घातली, मला माहीत नाही. खापर फोडायचं डोकं निदान ओळखीचं असावं असा विचार असेल. साहेबांचं पुढे छान झालं. हल्ली ते दुसऱ्या एका देशात मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि सुरक्षिततेवर व्याख्यानं देतात. मध्ये एकदा त्यांच्या व्याख्यानाच्या जाहिरातीत मला तो ड्रोनचा फोटो दिसला. दोन सरळ भिंती, मध्ये काळा रस्ता. मी फोन टेबलावर आपटला, स्क्रीन तडकली. बायको म्हणाली, कुणाचा राग कुणावर काढता. बरोबर बोलली.

कारण खरा राग मला स्वतःचा आहे. विश्रामदादा गावी परत गेल्यावर दोन वर्षांनी, त्याच कॅम्पवर, वारा सुटला असताना आमचा सुतार आपा मेसवर ताडपत्री बांधत होता. तो वेंगुर्ल्याकडचा. खालून मी दोरी धरली होती. तो ओरडला, "क्लार्कानू, आधी वरच्या अंगान बांधा." मी ताडपत्रीची वरची कड धरली. "वर म्हणजे वर न्हय ओ," तो वैतागला, "जंयसून वारो येता थंय." मी दोरी सोडून दिली. ताडपत्री फडफडत उडून कुंपणाला जाऊन अडकली आणि आपानं मला ज्या शिव्या दिल्या त्या मी आनंदानं खाल्ल्या, इतका मी दुसऱ्याच ठिकाणी होतो.

त्याच दिवशी आपानं मला गावाकडचं सांगितलं. भिवाकाकांच्या वाडीत कुणा शिक्षकानं तो कागद सर्वांसमोर वाचून मराठीत सांगितला होता: ह्यानं वाळू रस्त्यावर तशीच ठेवली होती, आणि तशी सही केली आहे. तेव्हापासून त्या घरानं विश्रामदादाशी बोलणं टाकलं. गणपतीत त्याची भजनमंडळी खाडी ओलांडून घरोघर जाते, त्या एका अंगणापाशी आली की तो मृदंग दुसऱ्याच्या गळ्यात घालतो आणि बाहेर रस्त्यावर उभा राहतो. मीच परत आणीन म्हणून सांगून गेलेला माणूस.

मी साहेबांकडे गेलो होतो, हे सांगायला हवं. ते तेव्हा शहरातल्या ऑफिसात होते. मी वर आणि खाल समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "इंटरेस्टिंग. पण फाइल क्लोज झाली आहे." मी परत आलो आणि मूग गिळून बसलो. पुढच्या वर्षी मला शहरात बदली मिळाली, लग्न झालं, फॅमिली व्हिसा, सालमिया, मुलगी. आपाकडून विश्रामदादाचा नंबर घेऊन ठेवला होता. दर नव्या फोनमध्ये तो आपोआप येत गेला. फोन करायला कुणी अडवलं नव्हतं. गोष्ट सांगायची तर आधी 'मी' म्हणावं लागणार होतं, आणि मी इतरांचं इंग्रजीत मांडून पोट भरणारा माणूस, मला त्याची सवय नव्हती.

सकराबवाला जवळ आला. "लेना है? अच्छा माल है," म्हणाला. मी नको म्हटलं आणि तिथंच, फळीच्या सावलीत टेकून, फोन लावला.

"कोण?"

"विश्रामदादा, मी. कॅम्पवरचा क्लार्क."

"घाट्या?" आवाज म्हातारा झाला होता. "मेल्या, खंय होतंस इतकी वर्सां?"

तो खुशीत होता, आणि ती खुशी मोडायची होती. मी सगळं एका दमात सांगितलं. जबाब, माझं वाक्य, खोडलेलं वाक्य, मी वाचून दाखवलेलं. मागे कुठं तरी कोंबडा ओरडत होता.

"म्हणजे," तो शेवटी म्हणाला, "मी वर म्हटलंय, नि तू रस्त्यार लिवलंस."

"हो."

"मी म्हणा होतंय, मास्तर खोटा वाचता. तेच्याशी पण बोलणा टाकलंय मी." मग म्हणाला, "तुका कधी कळला?"

"तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी."

"नि सांगतस आज."

मी माफ करा म्हणालो. ते मी मनात इतक्या वेळा म्हटलं होतं की तोंडातून आलं तेव्हा त्यात काही उरलं नव्हतं. त्यालाही ते कळलं असावं. त्याचा आवाज चढला, त्या सबंध वर्षात मी त्याला असा बोलताना ऐकलं नव्हतं.

"माका कित्याक सांगतस? माका म्हायत नाय काय, मी वाळू खंय ठेवलंय ती? वैनीक सांग."

फोन बंद झाला. दोन मिनिटांत त्याच्याकडून नंबर आला, नुसते दहा आकडे, खाली काही नाही. गाडीतून मुलगी हातानं विचारत होती की किती वेळ. मी तिला थांब म्हणून खूण केली आणि आकडे दाबले. पलीकडे बराच वेळ वाजत राहिलं. मग एका बाईनं उचलला, आणि कोण बोलतंय म्हणून विचारलं.

"तुम्ही मला ओळखत नाही," मी म्हणालो. "भिवाकाकांच्या कागदांत एक इंग्रजी कागद आला होता. विश्रामदादांच्या सहीचा. तो मी लिहिला. त्यांनी जे सांगितलं ते मी चुकीचं लिहिलं, आणि जे खरं होतं ते खोडलं."

मी पुढचं वाक्य जुळवत होतो, इतक्यात ती म्हणाली, "रवा. कागद घेवन येतंय. खंयचा खोडलात ता सांगा."

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला. मी उन्हात उभा राहून वाट बघत राहिलो.